गव्हर्नर पेटिंगिल, डुकरांचे कोतवाल

जोथम पेटिंगिल वारल्यापासून त्यांच्याविषयी विचारायला माणसं येतात. राज्याच्या राजधानीतून, कॉन्कॉर्डहून येतात, एक तर पार बॉस्टनहून आला होता. कुणाला गव्हर्नर हवे असतात, कुणाला न्यायाधीश. विधानसभेच्या इमारतीत त्यांची तसबीर लावली आहे म्हणे. हातात पुस्तक, मागे लाल पडदा. मी ती पाहिलेली नाही. मी सांगायला लागलो की पाहुणा जरा वेळाने घड्याळ बघतो, कारण मी डुकरांपासून सुरुवात करतो. शेवटी वैतागून मीच लिहायला बसलो आहे. जन्मभर गडगे रचले, शेताभोवतीचे, दगडावर दगड ठेवून, चुन्याशिवायचे. आता पाठ वाकत नाही. बसून करण्यासारखं एवढंच काम उरलं आहे.

कारकीर्द आधी सांगून टाकतो, लवकर होते. बाप कातडी कमावायचा. मुलाला त्या वासाची शिसारी, म्हणून मुलगा पुस्तकात शिरला. हिवाळ्यात गावोगावच्या शाळांत पोरं शिकवली, उन्हाळ्यात एका वकिलाच्या कचेरीत बसून कायदा वाचला. मग वकील, मग जिल्ह्याचा सरकारी वकील, मग विधानसभा, मग गव्हर्नर. आमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये त्या काळी गव्हर्नर एका वर्षाचा असे. दर मार्चमध्ये गावोगाव मतं पडत. हे दोनदा निवडून आले. त्यानंतर वरच्या कोर्टात न्यायाधीश झाले आणि तिथे मुरले. वर्षातले बरेचसे महिने बग्गीत, या जिल्ह्याच्या कोर्टातून त्या जिल्ह्याच्या कोर्टात. पण न्यायासनावर बसले तरी लोक त्यांना गव्हर्नरच म्हणत. आमच्याकडे माणसाला हुद्दा एकदा चिकटला की तो थडग्याच्या दगडावर जातो.

यातलं एकही पद त्यांनी मागितलं नव्हतं. कुणीतरी पुढे केलं आणि त्यांच्या तोंडून नकार निघाला नाही. तेवढा एक शब्द त्यांना जमत नसे. गव्हर्नर असताना त्यांनी एकच जागा दोघांना कबूल केली होती, आणि दोघेही सामानसुमान घेऊन एकाच सकाळी हजर झाले. न्यायाधीश झाल्यावर तर एक सोयच सापडली. कुणा एकाला नाही म्हणायची वेळ आली की ते म्हणत, “निकाल राखून ठेवतो.” आमच्या गावातला एक ओढ्याच्या पाण्याचा खटला इतका राखून ठेवला गेला की भांडणारे दोघेही वारले आणि ओढ्याने वाट बदलली.

माणूस वाईट नव्हता. लाच घेतली नाही, कुणाला दुखवलं नाही, दारू बेताची. पण त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप. एका सुट्टीत स्वतःच्या कुरणाचा गडगा स्वतः उभा करायची त्यांना हौस आली. दिवसभर मान मोडून काम केलं, हाताची सालं निघाली, तक्रार नाही. आणि रचलं काय, तर गोल दगडावर गोल दगड. मी म्हटलं, “गव्हर्नर, हा इथे राहणार नाही.” म्हणाले, “का राहणार नाही, ऑरिन? त्याची बाजू तरी ऐकून घे.” मी निघून आलो. अशा माणसाला काय बोलायचं?

आणि हाच माणूस माझा मेव्हणा झाला.

आमच्या राज्याचा कायदा असा की सत्तरी भरली की न्यायाधीशाने घरी बसायचं. गव्हर्नर सत्तरी भरून आमच्या गावी, टिल्सबरोला, परत आले. पहिली बायको कधीच वारली होती, घरात धूळ. माझी बहीण थँकफुल त्यांच्या शेजारच्याच वाटेवर माझ्याकडे राहत होती. तिचं पहिलं लग्न इरा बॅचेल्डरशी झालं होतं. सोनं सापडतंय म्हणून सगळे कॅलिफोर्नियाला पळत होते तेव्हा इराही पळाला. वर्षभरात येतो म्हणाला होता. थँकफुल वाट बघत राहिली, केस पांढरे झाले, मग कधीतरी कळलं की तो तापाने तिकडेच गेला. तेव्हापासून ती कुणाची वाट बघत नसे. चर्चमध्येसुद्धा घंटा होऊन गेल्यावर जात असे, म्हणजे लोकांनी तिची वाट बघावी.

गव्हर्नरांनी मागणी घातली तेव्हा तिने मला विचारलं, “तुझं काय म्हणणं?”

मी म्हटलं, “गोल दगड आहे.”

“घरी राहील का?”

“आता त्याला जायला जागाच नाही.”

तरी तिने खात्री करून घेतली. लग्न आमच्याच बैठकीत झालं. पाद्रीबुवांनी पुस्तक उघडलं तशी ती म्हणाली, “थांबा जरा. मिस्टर पेटिंगिल, आधी पाद्रीबुवांसमोर एक कबूल करा. यापुढे कुठलंही पद घेणार नाही. मला जेवणाच्या टेबलाशी बसलेला नवरा हवाय. तसबिरीतला नको.”

“कुठलंही म्हणजे?” गव्हर्नर म्हणाले. “वाचनालयाच्या मंडळावर वगैरे—”

“कुठलंही म्हणजे कुठलंही.”

“व्याख्या केलेली बरी असते, बाईसाहेब.”

“थंडीने माझे पाय गोठले आहेत,” पाद्रीबुवा म्हणाले. “कबूल करायचं तर करा, नाहीतर मी शेकोटीजवळ बसतो.”

गव्हर्नरांनी कबूल केलं. स्पष्ट, मोठ्याने, मी साक्षीला उभा होतो. तो हिवाळा बरा गेला. ते वेळेवर जेवायला बसत आणि थँकफुल चक्क गुणगुणायला लागली होती.

मग मार्चची गावसभा आली.

दर मार्चमध्ये सगळा गाव चर्चच्या मोठ्या खोलीत जमतो आणि वर्षाची पदं वाटतो. रस्ते कोणी बघायचे, कुंपणं कोणी तपासायची, कोंडवाडा कोणी राखायचा. कोंडवाडा माझ्याकडे असे, कारण तो मीच रचला होता आणि मोकळी जनावरं आता कुणी धरतच नसल्यामुळे आतल्या खतावलेल्या जमिनीत मी कोबी लावत असे. गावात तसा कोबी कुणाचा होत नव्हता. आणि सगळ्यांत शेवटी नेमायचा तो डुकरांचा कोतवाल. पूर्वी डुकरं रानोमाळ फिरत तेव्हा त्याला खरं काम असे. आता ती निव्वळ थट्टा उरली आहे. गेल्या सभेपासून ज्याचं लग्न झालं असेल त्याला कोतवाल करायचं. नवरदेव लाजतो, सगळ्यांना सफरचंदाची दारू पाजतो, संपलं. माझ्या लग्नाच्या वर्षी मीही झालो होतो. एकही डुक्कर पाहिलं नाही.

त्या वर्षी गावात दुसरं लग्न झालेलं नव्हतं. लाकूडगिरणीवाला ओबेड ग्लिडन उठला. याला स्वतःच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायची सवय.

“सभापती महाराज, आपल्यात एक कोवळा नवरदेव बसला आहे!”

लोक मागे वळून बघायला लागले.

“कोर्टाने सोडला, आता डुकरांनी धरावा!” ओबेड म्हणाला. “मी जोथम पेटिंगिल यांचं नाव सुचवतो.”

छप्पर उडेल असा हशा. होकाराची आरोळी तर पुलापलीकडे ऐकू गेली असेल. गव्हर्नर सावकाश उठले. मला वाटलं, आता दारू मागवतील. माझा पेला मी पुसूनसुद्धा ठेवला.

“सभापती महोदय,” ते म्हणाले, “मी आभारी आहे. कारकुनांनी मला शपथ द्यावी.”

कारकून अजून हसत होता. “कसली शपथ, गव्हर्नर?”

“पदाची. शपथेशिवाय पद धारण करता येत नाही.”

“पण... तिचे शब्द मला येत नाहीत.”

“मला येतात.”

आणि गव्हर्नर एकेक ओळ सांगत गेले, कारकून ती त्यांना परत सांगत गेला, आणि मग गव्हर्नर ती हात वर करून म्हणत गेले. प्रत्येक ओळ तीनदा. खोलीत हसू हळूहळू विझत गेलं. ओबेडने टोपी घातली, काढली, परत घातली.

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. जायला नको होतं. बातमी आमच्या आधी पोचली होती.

“या, कोतवालसाहेब,” थँकफुल चुलीकडे तोंड करून म्हणाली. “जेवण बसून घेणार की डुकरांच्या मागे पळत पळत?”

“बाईसाहेब, ऐकून तर घ्या.”

“शब्द दिला होतात.”

“मी पद मागितलं नाही.”

“जन्मात कधी मागितलंत?”

“लोकांनी मत दिलं.”

“लोकांनी चेष्टा केली!”

“असेल. पण मोजताना मत म्हणूनच मोजलं.” ते खुर्चीत बसले. “मी उद्या म्हणालो की हे मत खरं आणि ते मत चेष्टेचं, तर माझ्या गव्हर्नरकीची मतं कोणत्या जातीची होती ते कोण ठरवणार?”

थँकफुल माझ्याकडे वळली. “तू तिथे काय करत होतास?”

“पेला पुसत होतो,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

एप्रिलमध्ये बर्फ गेलं आणि गव्हर्नर कामाला लागले. कायद्यात लिहिलं होतं की बर्फ नसलेल्या महिन्यांत मोकळ्या डुकराच्या गळ्यात लाकडी जोखड हवं, म्हणजे ते कुंपणातून शिरत नाही. आणि नाकात कडी हवी, म्हणजे ते जमीन उकरत नाही. कायदा कुणी रद्द केला नव्हता. विसरला होता, एवढंच. गव्हर्नर थँकफुलची शिवणाची फीत घेऊन डुकरांच्या माना मोजत फिरायला लागले. सोबत मी, कारण पकडलेलं डुक्कर ठेवायचं माझ्याकडे. त्यामुळे पकडायचंही मीच असं त्यांचं मत होतं.

जोखडं ते स्वतः करत. ओबेडकडे विकत मिळाली असती, पण सरकारी कामात मेहनत स्वतःची हवी म्हणे. खिळे वाकडे, सांधे ढिले. डुक्कर एकदा अंग घासे आणि जोखडाची तीन लाकडं तीन दिशांना. ते परत करत. परत तसंच. मेहनतीला मी नाव ठेवणार नाही, सकाळपासून अंधार पडेपर्यंत असे. पण एवढी मेहनत एवढी वाया जाताना बघणं माझ्यासारख्याला फार जड जातं.

डीकन स्टिकनी, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा आमचा सगळ्यांत सोवळा माणूस, त्याच्या दारात तर तमाशा झाला.

“गव्हर्नर, माझं डुक्कर माझ्याच अंगणात आहे,” डीकन म्हणाला.

“पुढचे दोन पाय रस्त्यावर आहेत, डीकन.”

“मग पुढचे दोन न्या आणि मागचे दोन ठेवा!”

“कायद्यात डुक्कर अखंड धरलं आहे.”

“कायद्यात! आणि अहो, माझ्या गुलाबांत उभे राहून कायदा सांगताय! तुमच्या विजारीकडे बघा तरी. एवढे मोठे न्यायाधीश, आणि मागून सगळं कोर्ट दिसतंय!”

विजार खरोखर फाटली होती. गव्हर्नरांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, “ऑरिन, मागचे पाय धर.” मी धरले. डुक्कर माझ्या कोबीत गेलं. त्यामागून ओबेडची डुकरं गेली, कळपच्या कळप, आणि ओबेड रस्त्यावर उभा राहून ओरडत होता की मी विनोद केला होता, देवाशपथ विनोद केला होता. त्यात कोबी गेला तो गेलाच. वर त्या डुकरांना पाणी पाजायचं काम माझं.

थँकफुलकडे जेवण रोज निवायचं. ती झाकून ठेवायची, परत ऊन करायची, परत झाकायची. उन्हाळा संपेतो तिने ऊन करणं सोडलं. मी एकदा गेलो तर ती एकटीच टेबलाशी बसून खात होती आणि समोरचं ताट पालथं होतं.

“ऑरिन,” ती म्हणाली, “तुझ्याकडची माझी खोली रिकामी आहे?”

“कांदे भरलेत.”

“कांदे हलव.”

“थँकफुल, अगं डुकरंच आहेत. मार्चला संपेल.”

“डुकरांचं मला काही नाही,” ती म्हणाली. “डुकरं झाली की दुसरं काही येईल. मी पुन्हा खिडकीशी बसणार नाही. एका माणसासाठी बसले तेवढं पुष्कळ झालं.”

आणि दुसरं आलंच. सप्टेंबरच्या शेवटी कॉन्कॉर्डहून पक्षाचे दोघे जण बग्गीतून आले. एक जाडा, वयस्कर, एक बारीक. दोघांचे काळे कोट. मी गव्हर्नरांच्या दाराची पायरी खचली होती ती बसवत होतो, म्हणून सगळं ऐकलं. थँकफुल आतल्या कोठीच्या दाराआड उभी होती; तिच्या झग्याची कड मला दिसत होती.

जाडा म्हणाला, “गव्हर्नर, पक्षात दोन तट पडलेत. दोघांनाही चालेल असं एकच नाव आहे.”

“माझं वय झालं,” गव्हर्नर म्हणाले.

“न्यायाधीशाला वयाची अट आहे. गव्हर्नरला नाही.”

मी हातोडी खाली ठेवली. आता म्हणा, मी मनात म्हटलं. दोन अक्षरं आहेत.

गव्हर्नरांनी बराच वेळ टोपी फिरवली. “हे पाहा, मी सध्या एका पदावर शपथेने बांधलेला आहे. मार्चपर्यंत. ते असताना दुसऱ्यासाठी उभं राहणं योग्य होणार नाही.”

“कोणतं पद?” बारीकने विचारलं.

“डुकरांचा कोतवाल.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बारीक जोडीदाराच्या कानात पुटपुटला, “चेष्टा करतायत आपली.” जाड्याचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मार्चनंतर तुम्ही मोकळे असाल, असं समजायचं का?”

“मार्चनंतर,” गव्हर्नर म्हणाले, “परिस्थिती वेगळी असेल.”

बग्गी गेली. मला बरं वाटलं. मी पायरीवर पाय आपटून बघितला, हलत नव्हती. तेवढ्यात थँकफुल बाहेर आली.

“त्यांना परत पाठवलंत,” ती म्हणाली.

“हो, बाईसाहेब.” ते जरा खूश दिसत होते.

“डुकरांसाठी.”

“शपथ होती—”

“माझं नाव घेता आलं असतं. बायकोला शब्द दिलाय, एवढंच म्हणायचं होतं. ते नाही आलं तुमच्या तोंडात. डुकरं आली.” ती आत गेली. मी हत्यारं गोळा केली. घरी जाऊन कांदे हलवायला सुरुवात केली.

थोड्याच दिवसांनी तिने एक गोष्ट केली. तिची एक पांढरी डुकरीण होती, पॉली नावाची, लग्नात स्वतःबरोबर आणलेली. अंगाने ओंडक्याएवढी. तिच्या गळ्यातलं जोखड थँकफुलने उतरवलं, फाटक उघडलं आणि तिला भर रस्त्यात सोडून दिलं. सगळ्या गावादेखत, दुपारी. गव्हर्नर पुलावरून येत होते. पॉलीला बघून थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळ्या खिडक्यांत माणसं. ओबेड तर गिरणी बंद करून आला.

“हिला नाही धरणार,” ओबेड मला म्हणाला. “लावतोस पैज?”

धरली. म्हणजे मीच धरली, आणि कोंडवाड्यात नेली. गव्हर्नर मागून चालत होते, प्रेतामागून चालावं तसे.

मी आडवा वासा घालतोय तोवर थँकफुल आली. डोक्याला रुमाल, बाह्या वर केलेल्या.

“ऑरिन, वासा काढ.”

“माझ्याने नाही होणार. मी राखणदार आहे.”

“मग बाजूला हो.”

ओकचा वासा होता, मला जड जायचा. तिने घाई केली नाही. आधी एक टोक सोडवलं, ते जमिनीला टेकवलं, मग दुसरं. नीट केलं काम. दार उघडं झालं. पॉलीने दाराकडे पाहिलं, आणि माझा उरलासुरला कोबी खायला लागली. थँकफुलने हाक मारली. पॉली हलेना. थँकफुलने आत जाऊन ढकललं. डोंगर ढकलावा तसं.

“बाईसाहेब,” गव्हर्नर म्हणाले, “कोंडवाडा फोडणं हा गुन्हा आहे.”

“करा तक्रार.”

“आता, जनावर अजून आतच आहे, तेव्हा फोडणं पुरं झालं की नाही हा एक प्रश्न...”

“मिस्टर पेटिंगिल!” ती इतक्या जोरात ओरडली की पॉलीने खाणं थांबवलं. मग ती हळू बोलली. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. “मला कायदा येत नाही. तुम्हाला येतो. तुम्ही माझ्यासमोर एक कबुली दिलीत, पाद्रीबुवांच्या देखत. नंतर मार्चमध्ये दुसरी शपथ घेतलीत, पहिली मोडणारी. मला एवढंच सांगा, तुमच्या कोर्टात आधीचा शब्द टिकतो की नंतरचा?”

गव्हर्नरांनी पॉलीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे.   चेहरा उतरला होता.



“मी,” ते म्हणाले, “निकाल राखून ठेवतो.”

मी टोपी काढून जमिनीवर फेकली. माझ्यापुरते मी हात टेकले.

थँकफुलने ट्रंक भरली आणि माझ्याकडे आली. गव्हर्नर एकटेच घरात. दिवसभर रस्त्याने फेऱ्या घालत, हात मागे बांधून. वाटेत डुकरं आडवी जात, जोखड नसलेली, कडी नसलेली. ते बघत आणि पुढे जात. डीकन मला म्हणाला, “काय झालंय त्यांना? सकाळी माझं डुक्कर त्यांच्या बुटाला नाक लावून उभं होतं. मला वाईट वाटलं हो.” मी थँकफुलला हे सांगितलं. ती म्हणाली, “कांद्याचा वास जात नाही या खोलीतला.”

मग एके दुपारी ते माझ्या अंगणात आले. कोट घातलेला, दाढी केलेली. थँकफुल सफरचंदं चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली नाही.

“निकाल,” ते म्हणाले. उभ्यानेच, जसे कोर्टात देत. “आधीचा शब्द आधी. नंतरची शपथ त्याच्या आड येत असेल तर ती घ्यायलाच नको होती. सभेत मी चुकीचा निर्णय घेतला. तो चुकतोय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. आलं होतं.” इथे ते सफरचंदांकडे बघायला लागले. “सगळे हसत होते. कोर्ट सुटल्यापासून मला कुणी काही दिलं नव्हतं.”

 थँकफुलची सुरी थांबली.

“मी आत्ताच कारकुनाकडे राजीनामा देऊन आलो. त्याला तो घ्यायचा कसा ते येत नव्हतं.”

“तुम्ही शिकवलं असेल,” ती म्हणाली.

“शिकवलं.”

“आणि कॉन्कॉर्ड?”

“तो प्रश्न सध्या कोणी समोर ठेवलेला नाही.”

“ठेवतील.”

ती परत गेली त्यांच्याबरोबर. ट्रंक मीच नेली. पण तिने ती अर्धीच रिकामी केली. हिवाळ्याचे कपडे काढले, बाकीचं आतच. झाकणावर पांघरूण टाकलं आणि त्यावर मांजर बसायला लागलं. गव्हर्नर रोज तिकडे बघत.

जानेवारीत, शनिवारी, संध्याकाळ व्हायच्या बेताला ते काळे कोटवाले परत आले. बर्फगाडीतून. कोतवाल मोकळा झाला ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. शनिवार म्हणजे आमच्याकडे घेवड्याच्या बिया. काकवी आणि डुकराची चरबी घालून दिवसभर भट्टीत मुरवलेल्या. थँकफुल मडकं उघडत होती. मी जेवायला होतो. ते दोघे बूट झटकून आत आले आणि जाडा बसायच्या आधीच बोलायला लागला. या वेळी त्याने राज्याचं नाव घेतलं, देशाचं घेतलं. शेवटी म्हणाला, “अख्खं राज्य तुमची वाट बघतंय, गव्हर्नर.”

वाट बघतंय म्हणाला. नेमकं हेच बोलायचं होतं याला, आणि थँकफुल डाव घेऊन उभी.

गव्हर्नर उठले आणि त्यांनी भाषण केलं. दुसरं काय करणार? पक्षाचा सन्मान, स्वतःची योग्यता, लोकांची इच्छा, त्या इच्छेच्या मर्यादा. एक बाजू, मग दुसरी बाजू. दुसऱ्या बाजूला तीन पोटबाजू. घेवडा निवत होता. मी टेबलाखाली माझा गुडघा घट्ट धरून ठेवला होता, नाहीतर मी उठून त्यांना खाली बसवलं असतं. भाषण संपलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

“म्हणजे,” जाड्याने जपून विचारलं, “होकार समजायचा?”

गव्हर्नरांनी थँकफुलकडे पाहिलं. तिने मदत केली नाही. डोळेसुद्धा हलवले नाहीत. मला तिचा राग आला. एक मान हलवली असती तर काय गेलं असतं? पण ती बरोबर होती. हे ओझं दुसऱ्याने उचलून चालणार नव्हतं.

“नाही,” गव्हर्नर म्हणाले.

“नाही समजायचा?”

“नाही म्हणजे मी येणार नाही. बायकोला शब्द दिलाय.” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “तुमचे घोडे घामेजले आहेत आणि बाहेर थंडीत उभे आहेत. जा, त्यांच्यावर काहीतरी घाला.”

ते जेवायला थांबले नाहीत. दार लागल्यावर गव्हर्नर खाली बसले ते जवळजवळ पडलेच.  थँकफुलने त्यांचं ताट भरलं, वर चरबीचा तुकडा ठेवला, जो ती एरवी मला द्यायची.

“निवलंय,” ती म्हणाली.

“चालेल.”

“चालायला काय झालंय! आणा इकडे, ऊन करते.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मांजर जमिनीवर झोपलं होतं आणि ट्रंक माळ्यावर गेली होती.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण माणूस घरी राहिला म्हणजे काय, याचा थँकफुलने पुरता विचार केलेला नव्हता. गव्हर्नर आता दिवसभर घरात. लोणी घुसळताना शेजारी खुर्ची टाकून बसत आणि विचारत, हे असंच का करतात, उलट का नाही. कोंबड्यांचं खुराडं कसं विभागावं यावर बोलत. पाव भट्टीत घातला की झाकण उघडून बघत. वसंत येईतो थँकफुल मेटाकुटीला आली. तिला हवा होता तो नवरा मिळाला होता, तोंड दाबून सोसणं भाग होतं. पण ती वाट काढणारी बाई. रोज न्याहारी झाली की ती त्यांच्या हातात टोपी देई. “ऑरिनकडे जा. जेवायला या.”

ते यायचे. वारेपर्यंत रोज यायचे, आणि दुपारी घंटेच्या ठोक्याला परत जायचे. जेवणाला एकदाही उशीर झाला नाही, हे थँकफुल अजून सांगते. सकाळभर मात्र ते माझ्याकडे. मी ज्या दगडाकडे हात करणार, नेमके त्यावर बसलेले असायचे. उठा म्हटलं तर उठायचे. पण आधी कारण विचारायचे.